स्वामित्वहक्काचे रक्षण आणि इंटरनेटवरील पहारा

गेल्या वर्षी वर्गावर तास घेत असता एका विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलकडे माझे लक्ष गेले. मी फळ्यावर मागणीची वक्ररेषा काढीत होतो आणि तो मोबाइलच्या पडद्यावर तीच वक्ररेषा पाहत होता. पुस्तक ओळखीचे वाटले म्हणून जवळ जाऊन पाहिले, तो ते माझेच निघाले. एका सहकाऱ्याबरोबर मी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाची कोणीतरी पानन्‌पान छायाचित्रे घेऊन प्रत तयार केली होती आणि ती वर्गातील मुलांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरत होती. विद्यार्थी ओशाळला. ‘‘सर, लायब्ररीत तीनच प्रती आहेत,’’ एवढेच तो म्हणाला.

मी त्याला रागावलो नाही. त्याचे कारण माझ्या मनाचा मोठेपणा हे नव्हे. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी निबंध लिहीत असता परदेशी नियतकालिकातील एक लेख मला हवा होता. आमच्या ग्रंथालयात ते नियतकालिक येत नव्हते आणि एवढ्या एका लेखासाठी प्रकाशक तीस-पस्तीस डॉलर मागत होता. तो लेख मी कोठून मिळवला हे सांगण्याची आवश्यकता नाही. वाचकांतील प्राध्यापक मंडळींना ते ठाऊक आहे. तेव्हा लेखक या नात्याने मी फिर्यादी आणि वाचक या नात्याने आरोपी, अशी माझी स्थिती आहे. थोड्याफार फरकाने ती आपल्यापैकी पुष्कळांची आहे. इंटरनेटवर सरकारने व न्यायालयांनी स्वामित्वहक्काच्या रक्षणासाठी किती आणि कसे नियंत्रण ठेवावे, या प्रश्नाचा विचार या दुहेरी भूमिकेतूनच व्हावयास हवा.

दोन खटले, दोन निकाल

या प्रश्नाची व्याप्ती समजण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयापुढील दोन प्रकरणे पाहणे उपयुक्त ठरेल. पहिले प्रकरण इंटरनेटचे नाही, साध्या झेरॉक्सचे आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतील निवडक प्रकरणांच्या प्रती काढून त्यांचे संच विद्यार्थ्यांना विकत असे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी या दुकानाविरुद्ध व विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. ज्यांच्या पुस्तकांवरून हा दावा उभा राहिला त्यांपैकी अनेक लेखकांनीच विद्यार्थ्यांची बाजू घेतली. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५२ वे कलम अध्यापनाच्या ओघात शिक्षकाला व विद्यार्थ्याला प्रत काढण्याची मुभा देते, हा त्या निकालाचा मुख्य आधार होता. स्वामित्वहक्क हा काही ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, ज्ञानाची वाढ व्हावी म्हणून समाजाने कायद्याने निर्माण केलेला तो हक्क आहे, असे न्यायमूर्तींनी स्पष्टपणे नमूद केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने हे तत्त्व मान्य केले आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

दुसरे प्रकरण अधिक अवघड आहे. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुणीने २०११ साली सुरू केलेल्या ‘साय-हब’ या संकेतस्थळावर जगभरातील संशोधन-नियतकालिकांतील लक्षावधी लेख फुकट मिळू लागले. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. भारतीय शास्त्रज्ञांच्या काही गटांनी आपलेही म्हणणे ऐकून घ्यावे असा अर्ज केला. दावा चालू असेपर्यंत नवे लेख चढविणार नाही, अशी हमी एल्बाक्यान यांच्या वतीने देण्यात आली होती. ती पाळली गेली नाही असे दिसून आल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. आदेशाचे तात्कालिक कारण हमीचा भंग हे होते. संशोधकाला परवडणाऱ्या किमतीत लेख कसा मिळावा, या मूळ प्रश्नाची सुनावणी त्या आदेशाने झाली नाही.

मक्तेदारीचे समर्थन आणि मर्यादा

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ज्ञान ही एक विलक्षण वस्तू आहे. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही. लेख एकाने वाचला म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. विद्या चोराला नेता येत नाही आणि वाटल्याने वाढते, असे सुभाषितकार सांगून गेले ते याच अर्थाने. इंटरनेटने आणखी एक प्रती काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणून ठेवला आहे. ज्या वस्तूची पुढील प्रत फुकट निघते तिची किंमतही शून्य असावी, म्हणजे समाजाचे कल्याण सर्वाधिक होईल, असे शास्त्र सांगते.

परंतु त्याच शास्त्राचे दुसरे वचन असे की पहिली प्रत फुकट निघत नाही. लेखकाची वर्षे, संपादकाचे श्रम, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, कागद या साऱ्याला पैसा लागतो. मराठी पुस्तकाची हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती संपावयास कित्येकदा काही वर्षे जातात. अशा पुस्तकाची फुकट प्रत प्रकाशनाच्या दुसऱ्या आठवड्यात गटागटांतून फिरू लागली तर प्रकाशक पुढले हस्तलिखित परत पाठवील आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून कायद्याने लेखकाला काही काळापुरती मक्तेदारी द्यावयाची आणि तो काळ संपला की पुस्तक सर्वांचे व्हावयाचे, असा हा सौदा आहे. सौदा म्हटला की किती आणि किती काळ हा प्रश्न आलाच.

या काळाच्या बाबतीत आपल्याकडील एक उदाहरण उद्बोधक आहे. पूर्वी आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे स्वामित्वहक्क टिकत असे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तेव्हा ऐनवेळी कायदा बदलून ही मुदत ६० वर्षे करण्यात आली. मृत लेखकाला आणखी दहा वर्षांची मक्तेदारी दिल्याने तो एकही नवी कविता लिहीत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. उलट, साने गुरुजी १९५० साली गेले व त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरील हक्क २०१० अखेर संपला. त्यानंतर ‘श्यामची आई’ हवी त्या प्रकाशकाला छापता येऊ लागली. स्पर्धेने किंमत उतरते आणि पुस्तक नव्या घरांत पोचते, हे पाठ्यपुस्तकातील विधान तेथे प्रत्यक्षात पाहावयास मिळते.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाची जाण आहे. संतांच्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. अभंग कोणीही गावा, कोणीही वहीत उतरवून घ्यावा. पण तो ज्याचा त्याच्या नावावर राहावा, ही तिच्यामागील अपेक्षा. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शतकानुशतकांच्या नकलांमुळे शिरलेले अपपाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये शोधून शुद्ध केले, तेव्हा त्यांना चिंता होती ती प्रतींच्या संख्येची नव्हती, ग्रंथकर्त्याच्या शब्दाची होती. आजच्या कायद्याचे ५७ वे कलम लेखकाचे नाव आणि त्याच्या कृतीची अखंडता यांचे रक्षण करते, ते याच भावनेचे आधुनिक रूप म्हणता येईल.

पहाऱ्याचा इतिहास

स्वामित्वहक्काच्या जन्मकथेत आजच्या वादाचे मूळ सापडते. इंग्लंडात १५५७ साली राणी मेरीने लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला सनद दिली. मुद्रण-व्यवसायाची मक्तेदारी त्या व्यापाऱ्यांना मिळाली आणि मोबदल्यात राजसत्तेला नको असलेली पुस्तके शोधून नष्ट करण्याचे काम त्यांनी पत्करले. व्यापाऱ्याला नफा व राजाला पहारेकरी असा हा परस्परांच्या सोयीचा मामला दीडशे वर्षांच्या आसपास चालला. १६६२ च्या परवाना-कायद्याची मुदत १६९५ साली संपली व ती पुन्हा वाढविली गेली नाही, तेव्हा सेन्सॉरशिप आणि मक्तेदारी यांची ताटातूट झाली. त्यानंतर १७१० साली राणी अॅनच्या कायद्याने प्रथमच लेखकाला हक्क दिला. नव्या पुस्तकासाठी तो १४ वर्षांचा होता आणि लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षे मिळत.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की इंटरनेटच्या युगात या दोन गोष्टी पुन्हा जवळ येऊ लागल्या आहेत. पुस्तकाची चोरटी आवृत्ती छापणाऱ्याला पकडावयाचे तर छापखान्यावर जावे लागे. इंटरनेटवर चोर परदेशात, बहुधा नावगाव नसलेला असतो. म्हणून आदेश निघतो तो सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवर, की अमुक संकेतस्थळ ग्राहकांना दिसू देऊ नका. म्हणजे दंड चोराला होत नाही, रस्ता बंद होतो. रस्ता बंद झाला की त्यावरून जाणारे सारेच अडतात.

अमेरिकेत २०११ साली मांडलेल्या ‘सोपा’ या विधेयकाने हीच पद्धत कायदेशीर करू पाहिली. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने निषेध म्हणून दिवसभर आपली पाने काळी ठेवली आणि दोन दिवसांत विधेयक बासनात गेले. आपल्याकडे असे विधेयक आले नाही, त्यामुळे त्यावर चर्चाही झाली नाही. जे घडले ते न्यायालयांच्या एकेका आदेशातून, हळूहळू घडले.

आदेशांची वाढती कक्षा

२०१२ साली मद्रास उच्च न्यायालयाने दोन चित्रपटांच्या निर्मात्यांना ‘अज्ञात इसमां’विरुद्ध आदेश दिला. त्याच्या आधारे सेवा-कंपन्यांनी व्हिमिओ, पेस्टबिन यांसारखी वैध उपयोगाची संकेतस्थळे संपूर्ण बंद करून टाकली. ओरड झाल्यावर न्यायालयाला खुलासा करावा लागला की बंदी नेमक्या दुव्यापुरती आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तशाच आदेशांतील दोन हजारांहून अधिक संकेतस्थळांच्या यादीत ‘इंटरनेट आर्काइव्ह’चे नाव निघाले. जगभरच्या जुन्या ग्रंथांचे हे भांडार. दुर्मीळ मराठी पुस्तकांच्या प्रतीही तेथे आहेत. नव्या हिंदी चित्रपटाच्या रक्षणासाठी काही दिवस हे ग्रंथालय भारतीय वाचकाला बंद झाले. यादी करणाऱ्याने ते संकेतस्थळ उघडून पाहिले होते काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा.

या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली घेतलेली भूमिका मोलाची वाटते. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या निर्मात्यांनी संकेतस्थळांची यादी पुढे केली, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट आदेश देण्यास नकार दिला. प्रत्येक दुवा तपासून त्याविषयी प्रतिज्ञापत्र द्या, संपूर्ण संकेतस्थळ बंद करावयाचे असेल तर तेथे केवळ चोरीचाच माल आहे हे दाखवा, आणि बंद केलेल्या पानावर आदेशाचा तपशील असा द्या की ज्याचे नुकसान झाले असेल त्याला न्यायालयात येता यावे, असे त्यांनी बजावले. त्याच सुमारास बंद पानांवर एक भयंकर सूचना झळकू लागली होती. असा मजकूर नुसता पाहिला तरी तीन वर्षे कैद व तीन लाख रुपये दंड होऊ शकतो, असा तिचा आशय होता. केवळ पाहणे हा गुन्हा नव्हे. परवानगीवाचून वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे हा गुन्हा होय, असा खुलासा याच न्यायालयाने केला. कारकून आणि विद्यार्थी यांना नाहक धाक घालणारी ती सूचना कायद्याला धरून नव्हती.

पुढील काळात मात्र कक्षा वाढतच गेली. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘गतिमान’ मनाई हुकमाची पद्धत घालून दिली. एक संकेतस्थळ बंद केले की नाव बदलून दुसरे उघडते, म्हणून नव्या नावांचा समावेश न्यायाधीशाऐवजी न्यायालयाच्या सहनिबंधकाने करावा, असे ठरले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याहून पुढचे पाऊल पडले आणि अद्याप निर्माणच न झालेल्या कृतींनाही संरक्षण मिळाले. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला आणि केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांना चित्रपटाची चोरटी प्रत ४८ तासांत काढून टाकण्यास सांगण्याचा अधिकार मिळाला. न्यायाधीश, मग निबंधक, मग सरकारी अधिकारी, असा हा उतरता क्रम आहे. प्रत्येक पायरीला सोयीचे कारण आहे. तथापि पायऱ्या उतरताना पुराव्याची आणि सुनावणीची अट प्रत्येक वेळी थोडी सैल होते, हे नाकारता येणार नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९अ कलम सरकारला मजकूर रोखण्याचा अधिकार देते. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी मोजकी कारणे त्यात आहेत. स्वामित्वहक्क हे त्यांत नाही. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ग्राह्य धरले, ते कारणे मर्यादित आहेत आणि ती लेखी नोंदवावी लागतात म्हणूनच. खासगी मालमत्तेच्या रक्षणासाठी याहून सैल व्यवस्था उभी राहणे हे विसंगत आहे. शिवाय आज चित्रपटासाठी बसविलेली फाटके उद्या गैरसोयीच्या मजकुरासाठी बंद करता येतात. स्टेशनर्स कंपनीचा धडा तोच आहे.

नुकसानीचे गणित

कडक नियंत्रणाच्या समर्थनार्थ नुकसानीचे आकडे पुढे केले जातात. चोरट्या प्रतींमुळे चित्रपट व्यवसायाचे वर्षाला २०,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे २०२३ साली सरकारी पत्रकात म्हटले होते. असे आकडे वाचताना विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : फुकट प्रत मिळाली नसती तर यांतील किती जणांनी तिकीट काढले असते? माझ्या वर्गातील साठ मुलांच्या मोबाइलवर माझे पुस्तक होते म्हणून साठ प्रतींची विक्री बुडाली असे होत नाही. प्रत न मिळती तर दहा-बारांनी पुस्तक विकत घेतले असते, काहींनी ग्रंथालयात नंबर लावला असता आणि उरलेल्यांनी मित्राच्या वहीवर भागविले असते. नुकसान शून्य नाही, तसेच ते प्रतींच्या संख्येइतकेही नाही. खऱ्या नुकसानीचा अंदाज या दोन टोकांच्या मध्येच शोधावा लागेल आणि नियंत्रणाचे प्रमाण त्यावर बेतावे लागेल.

मग उपाय काय? पहिला उपाय, हात गुन्हेगारावर पडावा. स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या नीतू सिंग या शिक्षिकेची पुस्तके व व्याख्याने टेलिग्रामवरील वाहिन्यांतून विकली जात होती. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला त्या वाहिन्या चालविणाऱ्यांची माहिती देण्यास सांगितले. संपूर्ण टेलिग्राम बंद झाले नाही आणि लेखिकेला दाद मिळाली. लहान लेखकाला अशीच स्वस्त आणि जलद दाद हवी आहे. दिल्लीत वकील देऊन दावा चालविणे मराठी ग्रंथकाराच्या कुवतीपलीकडचे आहे.

दुसरा उपाय, बंदीची यादी उघडी असावी. कोणते संकेतस्थळ, कोणाच्या अर्जावरून, कोणत्या आदेशाने आणि किती मुदतीसाठी बंद आहे, हे कोणाही नागरिकाला पाहता यावे. खोटी किंवा निष्काळजी यादी देणाऱ्या अर्जदाराला खर्च भरावा लागावा. मुंबईच्या २०१६ च्या आदेशातील अटी सर्वत्र लागू केल्या तरी बरेच काम होईल.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय किमतीचा आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध करण्याची ही योजना आहे. जे लेख पुष्कळदा सरकारी पगारावर लिहिले जातात तेच सरकारने पुन्हा विकत घ्यावेत, हा विरोधाभास तिने मिटत नाही. पण साय-हबकडे जाण्याची गरज ती जेवढी कमी करील तेवढी कोणतीही बंदी करणार नाही. तिच्या कक्षेत खासगी महाविद्यालये आणि स्वतंत्र अभ्यासकही आले पाहिजेत. रस्ता बंद करण्याआधी दुसरा रस्ता खुला करावा, हा साधा नगरपालिकेचा नियम आहे.

त्या विद्यार्थ्याच्या ‘‘तीनच प्रती आहेत’’ या उत्तराचा मी नंतर पुष्कळ विचार केला. प्राचार्यांना सांगून ग्रंथालयात आणखी दहा प्रती घेवविल्या. प्रकाशकांना भेटून, पुढल्या आवृत्तीबरोबर पन्नास रुपयांत मोबाइलवर वाचता येईल अशी अधिकृत प्रत काढा, अशी विनंती केली. त्यांनी मान हलविली. ती होकारार्थी की नकारार्थी हे अद्याप कळलेले नाही. मुलगा पुढच्या वर्गात गेला. त्याला पोलिसाचे भय घालावे असे मला वाटत नाही आणि माझे श्रम फुकट आहेत असे त्याला वाटावे हेही मला मान्य नाही. पन्नास रुपये तो आनंदाने देईल, अशी माझी खात्री आहे. ते घेण्याची सोय कोणी करावयाची, हा प्रश्न सरकारपेक्षा आम्हा लेखक-प्रकाशकांनाच अधिक लागू आहे.